कोळशाची रेघ

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका; मला जिने सांगितली, तिलाही ते ठाऊक नव्हतं.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. त्या गावात प्रत्येकाला स्वतःचं काम येत होतं आणि दुसऱ्याचं त्याहून चांगलं येत होतं. शेतकरी गवंड्याला भिंत शिकवायचा, गवंडी शेतकऱ्याला पेरणी शिकवायचा, आणि दोघं मिळून वैद्याला नाडी बघायला शिकवायचे. अशा गावात लोहार होऊन राहणं किती अवघड, ते लहानांनो आणि मोठ्यांनो, तुम्हीच ठरवा.

लोहाराची भट्टी वेशीजवळच्या निंबाखाली होती. त्याची बायको भाता ओढायची. जोडभाता होता तो, दोन कातड्यांचा. दोन हातांत दोन दांड्या धरून एकदा ही, एकदा ती ओढावी लागे. लोहार घाव घालायचा. कामाला पक्का माणूस. त्याने केलेला फाळ आजोबाने विकत घ्यावा आणि नातवाने वापरावा. पण त्याचं डोकं भट्टीपेक्षा लवकर तापायचं, आणि निवायला भट्टीपेक्षा जास्त वेळ घ्यायचं.

त्याच गावात एक न्हावी होता. लोहाराचा लहानपणचा सोबती. दोघं एकाच डोहात पोहायला शिकलेले. चाळीस वर्षं न्हाव्याने गावाच्या दाढ्या केल्या, बाळांची जावळं काढली, नवरदेव नटवले. हात इतका हलका, की त्याच्यापुढे बसलेल्या माणसाला डुलकी लागे. बोलणंही तसंच मऊ. दोनदा अडवलं तर तिसऱ्यांदा बोलायचाच नाही.

त्या वर्षी उसाच्या चरकात त्याचा उजवा हात सापडला. वैद्याने दोन महिने पाला बांधला आणि न्हाव्याला दिलेल्या शब्दाप्रमाणे जखमेबद्दल कुणापाशी काही बोलला नाही. जखम भरली, पण न्हावी हातावरचं फडकं सोडीना. कुणी विचारलं तर म्हणे, "बरा आहे आता. फक्त जुना वस्तरा हाती बसत नाही."

गावात दाढ्या वाढल्या. देवळाचा पुजारी आणि डोंगरातलं अस्वल यांत फरक करणं अवघड झालं. शेवटी पंच बसले आणि त्यांनी ठरवलं, "दसऱ्यापर्यंत वाट बघू. त्या दिवशी न्हाव्याने चारचौघांत एक दाढी नीट केली तर गाव त्याचं. नाही तर शेजारगावच्या न्हाव्याला गाव लावून देऊ."

गाव जाणार म्हणजे दाढ्यांच्या बदल्यात मिळणारं धान्य जाणार, आणि गावाने दिलेलं देवळामागचं घरही जाणार. न्हावी नुसती मान हलवून घरी गेला.

लोहाराला हे कळलं. तो उठला आणि आढ्याला बांधून ठेवलेलं एक गाठोडं त्याने खाली काढलं. आत त्याच्या आजोबांनी जपलेला मोडक्या तलवारीचा तुकडा होता. तसं पोलाद पुन्हा मिळणार नव्हतं. तुकडा एवढाच, की त्यात दोन वस्तरे होतील, तिसरा होणार नाही.

"माझ्या गड्याच्या हातासाठी असा वस्तरा करतो," तो बायकोला म्हणाला, "की राजाच्या न्हाव्याने मागायला यावं."

"हाताचं माप घ्या मग," बायको म्हणाली.

"त्याच्या हाताचं माप मला काय घ्यायचंय? पन्नास वर्षं बघतोय तो हात!"

आणि काम सुरू झालं. कामाबरोबर गावही सुरू झालं.

पहिल्या दिवशी पाटील आले. वस्तरा गावाचा, तर मुठीवर वाघाचं तोंड हवं, असं त्यांचं म्हणणं. लोहार म्हणाला, "पाटील, हा वस्तरा आहे. याला घेऊन शिकारीला नाही जायचं." पाटील म्हणाले, "तोंड नाही तर नुसत्या मिशा तरी काढ."

मग एक म्हातारी आली. "फार धार नको हो लेकरा. माझ्या पणतूचं जावळ काढायचंय. जरा बोथटच ठेव." लोहाराने कपाळाला हात लावला. बोथट वस्तराच कातडं ओरबाडतो, हे त्याने तिला तीनदा समजावलं. तिने तिन्ही वेळा मान डोलावली आणि जाताना म्हणाली, "तरी पण थोडा बोथट."

जोशीबुवा लिंबू घेऊन आले. गावात नवं कुठलंही पातं झालं, की पहिल्यांदा त्याने लिंबू कापायचं, अशी चाल होती. विळा, कोयता, कुऱ्हाड, सगळ्यांनी कापलेलं. लोहार म्हणाला, "बुवा, वस्तऱ्याची धार केसापेक्षा पातळ असते. लिंबाचा रस लागला की ती खाऊन टाकतो. डाग पडेल तो वेगळाच." जोशीबुवा म्हणाले, "मग अर्धंच लिंबू कापू."

आता सांगा, अशा माणसांना काय म्हणावं!

लोहाराने तरी दात-ओठ खात पातं घडवलं. लाल करून ठोकलं, राखेत पुरून हळूहळू निववलं, कानशीने घासून आकार दिला. मग पुन्हा तापवून तेलात बुडवलं, तेव्हा ते काचेसारखं कडक झालं. आता खरी कसोटी होती. कडक पातं ठिसूळ असतं; त्याला तापल्या वाळूवर धरून पुन्हा थोडी ऊब द्यावी लागते. पोलादावर हळूहळू रंग चढतो. वाळल्या गवतासारखा पिवळा रंग आला, की त्याच क्षणी उचलायचं. पापणी लवली तरी उशीर होतो.

नेमका तेव्हाच सोनार दारात आला.

"मी काय म्हणतो," सोनार म्हणाला, "मुठीला चांदीचे खिळे—"

लोहाराने वळून पाहिलं. नुसतं पाहिलं. पुन्हा वाळूकडे मान वळवली तोवर पातं निळं पडलं होतं. निळं पडलेलं पातं भाजी चिरायच्या कामाचं. त्याची धार एक दाढीसुद्धा टिकत नाही. आजोबांच्या तलवारीचं अर्धं पोलाद वाया गेलं.

"चांदीचे नको असतील तर पितळेचेही चालतील," सोनार म्हणाला.

लोहाराच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याने भट्टीतला विझलेला कोळसा उचलला आणि दारात या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड काळी रेघ ओढली. मग निंबाखाली उभा राहून सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडला, "ऐका रे सगळे! वस्तऱ्याबद्दल ज्याला काही बोलायचं असेल, त्याने रेघ ओलांडून आत यायचं, आधी शंभर वेळा भाता ओढायचा आणि मग तोंड उघडायचं. पाटील असो की पुजारी. आधी भाता, मग बोलणं!"

नियम रामबाण ठरला. पाटील हट्टाने आत आले आणि त्यांनी शंभर वेळा भाता ओढला. शेवटी त्यांना एवढी धाप लागली, की वाघाच्या मिशांचं नाव काढायलाही श्वास उरला नाही. म्हातारीने चाळीस ओढले आणि बाकीचे उद्या ओढीन म्हणून निघून गेली. जोशीबुवा रेघेबाहेर लिंबू हातात धरून नुसते उभे राहत, आणि थोड्या वेळाने हळूच परत जात. लोहार खूश झाला. त्याला आयुष्यात पहिल्यांदा शांततेत काम करायला मिळत होतं.

या शांततेत न्हावी आला.

तसा तो आधीही येऊन गेला होता. पहिल्याच दिवशी, पाटलांच्या पाठोपाठ. "दादा, एक सांगायचं होतं," एवढंच म्हणाला होता. लोहाराने ऐरणीवरून मान वर न करता हात झटकला होता. "तू पण? अरे, निदान तू तरी मला छळू नकोस! घरी जा, वस्तरा झाला की बोलावतो." न्हावी गेला होता.

आता तो रेघेपाशी आला. त्याने आत ठेवलेल्या भात्याच्या दोन दांड्यांकडे पाहिलं. मग फडक्यात गुंडाळलेल्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. थोडा वेळ उभा राहिला आणि निंबाखाली जाऊन बसला. दुपार झाली तसा उठून घरी गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा बसला.

लोहाराच्या बायकोने ते पाहिलं. "अहो, न्हावीभावजी बाहेर बसलेत. त्यांना काहीतरी सांगायचंय."

"मग ओढू दे की भाता."

"अहो, वस्तरा त्यांचाच आहे ना?"

"म्हणून काय झालं?" लोहार उसळला. "आज त्याला सूट दिली, की उद्या पाटील येईल, परवा सोनार. नियम म्हणजे नियम. आणि त्याला काय सांगायचंय ते मला ठाऊक आहे. वस्तरा लवकर कर, एवढंच. करतोय ना! तुम्ही लोक करू द्याल तर करीन ना!"

बायकोने स्वतः बाहेर जाऊन न्हाव्याला विचारलंही. पण न्हावी म्हणाला, "वहिनी, ते दाखवायचं आहे. त्यालाच दाखवायचं आहे." आणि फडकं घट्ट आवळून घेतलं. ते फडकं त्याने अजून आपल्या बायकोसमोरही सोडलं नव्हतं. सात दिवस तो आला, आणि सातही दिवस तसाच परत गेला.

दुसरं पातं मात्र जमून आलं. रंग बरोबर गवताचा चढला आणि लोहाराने ते त्याच क्षणी उचललं. मग फिरत्या दगडावर दोन्ही बाजूंनी पोटात खोल घासलं, इतकं पातळ, की धारेवर नख टेकलं तर धार नखाखाली लवावी. धार लावायच्या पथरीवर तीन दिवस पाजळलं. चामड्यावर फिरवलं. म्हशीच्या शिंगाची काळीभोर मूठ केली. आणि सगळ्यात जास्त जीव त्याने वस्तऱ्याच्या शेपटात ओतला.

वस्तऱ्याला मागे एक बारीक शेपूट असतं. न्हावी त्यावर करंगळी टेकवतो. सगळा तोल त्या करंगळीवर. करंगळीने दाबलं की पातं उठतं, सोडलं की बसतं. लोहाराने शेपटाला असा बाक दिला, की करंगळी आपोआप तिथे जाऊन विसावावी. आपलीच करंगळी टेकवून त्याने शंभरदा पाहिलं. त्याचे डोळे भरून आले.

दसऱ्याची सकाळ उजाडली. हत्यारांची पूजा झाली. ऐरणीवर झेंडूची फुलं वाहिली, हातोड्याला कुंकू लावलं. त्या दिवशी भट्टी पेटवायची नाही, हा बापजाद्यांपासूनचा नियम. भट्टी थंड होती. देवळापुढे गाव जमलं होतं. शेजारगावचा न्हावीही येऊन एका बाजूला बसला होता, हत्यारांची धोपटी मांडीवर घेऊन, अवघडून.

"पहिली दाढी माझी," लोहार म्हणाला आणि ऐटीत पाटावर बसला. "बघा रे, बिनसल्ल्याचं काम कसं असतं ते!"

न्हाव्याने डाव्या हाताने त्याची दाढी भिजवली. मग वस्तरा उघडला आणि फडक्यातल्या हातात धरला. डाव्या गालावर पहिला हात बरा गेला. दुसऱ्याला पातं डगमगलं. न्हाव्याच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्या हाताला वस्तरा बोटांतून फिरला आणि लोहाराच्या गालावर कानापासून हनुवटीकडे लाल रेघ उमटली.

बायाबापड्यांनी तोंडाला पदर लावले. पाटील म्हणाले, "संपलं." पंचांनी शेजारगावच्या न्हाव्याकडे पाहिलं.

लोहार ताडकन उठला. गालावरून रक्त ओघळत होतं, पण राग त्याहून पुढे होता. "अरे, असा कसा धरलास? करंगळी टेकव ना शेपटावर! शेपूट कशाला केलंय मी? करंगळी टेकव!"

न्हाव्याने दातांनी गाठ सोडली. फडकं पायाशी पडलं. अंगठा होता, त्याच्या शेजारची दोन बोटं होती. त्यापुढे काही नव्हतं. करंगळी नव्हती आणि तिच्या शेजारचं बोटही नव्हतं.



"सांगायला का नाही आलास?" लोहाराने विचारलं.

"आलो होतो, दादा. सात दिवस आलो," न्हावी म्हणाला. "आधी शंभर वेळा भाता ओढायचा होता. दोन हातांचा भाता. मी कसा ओढणार?"

लोहाराला चिडायचं होतं. सवयीने त्याने इकडेतिकडे पाहिलंही. पाटील होते, सोनार होता, म्हातारी होती, लिंबू घेतलेले जोशीबुवा होते. पण त्या दिवशी चूक त्यांच्यातल्या कुणाचीच नव्हती. असा राग फार वाईट. तो बाहेर जात नाही. लोहार मटकन खाली बसला.

मग एकदम उठला आणि पंचांपुढे हात जोडले. "सूर्य मावळेपर्यंत थांबा. दसरा अजून संपला नाही."

"भट्टी पेटवशील? आज?" पाटलांनी विचारलं.

सगळ्यांनी जोशीबुवांकडे पाहिलं. जोशीबुवा लिंबू कुरवाळत म्हणाले, "पेटव बाबा. देवाची समजूत मी घालतो."

लोहाराने ऐरणीवरची फुलं ओंजळीत घेऊन बाजूला ठेवली. न्हाव्याचा हात धरून त्याला रेघेच्या आत आणलं आणि घोंगडीवर बसवलं. बायकोच्या हाती सांडशी दिली. आणि स्वतः भात्याच्या दांड्या धरल्या.

"तुम्ही भाता ओढणार?" बायको म्हणाली.

"आठ दिवस मीच सगळ्यांत जास्त बोललोय," लोहार म्हणाला. "शंभर तर माझे सगळ्यांत आधी."

त्याने शंभर ओढले, मोजून. मग मेणाचा गोळा मऊ केला आणि न्हाव्याच्या हाती दिला. "दाब. जसा वस्तरा धरावासा वाटतो तसा दाब." न्हाव्याने दाबला. तीन बोटांचा खड्डा मेणात उमटला. लोहार तो कितीतरी वेळ बघत राहिला.

"आता सांग."

न्हाव्याने सांगितलं. चाळीस वर्षांत तो एका दमात एवढं कधी बोलला नव्हता. मूठ जड आहे, ती हाताला मागे ओढते. पातं आणि शेपूट यांमधली मान आखूड आहे. शेपूट खाली नको, वर हवं, मधल्या बोटाभोवती वळलेलं. म्हणजे करंगळीचं काम ते बोट करील. लोहार ऐकत होता. एकदाही "मला ठाऊक आहे" म्हणाला नाही.

धारेला आच लागली असती तर सगळंच गेलं असतं, कारण तिसरं पातं करायला पोलाद उरलं नव्हतं. म्हणून त्यांनी पातं ओल्या चिखलात रोवलं आणि नुसतं शेपूट निखाऱ्यात धरलं. चिखल सुकला की लोहाराची बायको पाणी शिंपडायची. शेपूट लाल झालं, तसं लोहाराने ते ठोकून मानेसकट लांबवलं आणि मेणातल्या खड्ड्याच्या मापाने वर वळवलं. शिंगाची देखणी मूठ काढून टाकली. हलक्या बांबूची बसवली. सगळं गाव रेघेबाहेर उभं होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. म्हातारीने उघडलं होतं, पण पाटलांनी तिच्याकडे पाहिलं.

उन्हं उतरली तेव्हा लोहार पुन्हा पाटावर बसला. डावा गाल कापलेला, उजवा केसाळ. न्हाव्याने वस्तरा हाती घेतला. मधलं बोट वळलेल्या शेपटात शिरलं आणि तिथेच राहिलं. वस्तरा केसांतून गेला, ओठावरून गेला, गळ्यावरून गेला. उजवा गाल झाला. मग न्हाव्याने कापल्या जागेला वळसा घालून डावाही पुरा केला. रक्ताचा नवा थेंब आला नाही. काम झालं तेव्हा पाटावरून घोरण्याचा आवाज येत होता.

शेजारगावचा न्हावी उठला आणि पाटापाशी वाकून वस्तरा निरखू लागला. "असा मलाही मिळेल का?" त्याने विचारलं.

लोहार जागा झाला. "तुझा हात दाखव आधी," तो म्हणाला.

गाव न्हाव्याकडेच राहिलं आणि देवळामागचं घरही. लिंबू वस्तऱ्याने कापलं नाही. जोशीबुवांनी ते विळीवर चिरलं आणि त्याचं सरबत झालं. लोहाराच्या गालावरचा वण मात्र कायम राहिला. दर आठवड्याला दाढी करताना न्हावी त्या वणाला वळसा घालायचा आणि दोघंही काही बोलायचे नाहीत.

दारातली कोळशाची रेघ लोहाराने पुसली नाही. गावाला तो ओळखून होता. फक्त मधोमध माणूस जाईल एवढी जागा पुसून ठेवली, ज्याच्या हाती वस्तू जायची त्याच्यासाठी.

तात्पर्य: शंभर नको त्या तोंडांना गप्प करताना, जे एक तोंड ऐकायलाच हवं तेही बंद होत नाही ना, एवढं शहाण्याने बघावं.